न दुखणारे हात

मद्रासच्या दक्षिणेला चेंगलपट्टू इथे कुष्ठरुग्णांचं मोठं इस्पितळ होतं. १९४७च्या सुमाराला तिथे एक तिशीतला सर्जन पाहुणा म्हणून आला. नाव डॉ. पॉल ब्रँड. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तो नुकताच रुजू झाला होता. इस्पितळाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन हे कुष्ठरोगाचे जगभर नावाजलेले जाणकार. आवारातून हिंडता हिंडता ते एकेका रुग्णाला थांबवत आणि त्याच्या अंगावरचे चट्टे, गाठी, त्यांचे प्रकार पाहुण्याला समजावून सांगत.

पाहुण्याचं लक्ष चट्ट्यांकडे नव्हतंच. ब्रँड हाडांचे डॉक्टर. त्यांना दिसत होते ते नमस्कारासाठी वर येणारे हात. कुणाची बोटं पंज्यासारखी आत वळलेली, कुणाची अर्धी, कुणाच्या हाताला नुसते खुंट. हे हात असे का होतात, असं त्यांनी विचारलं. आपण पडलो त्वचेचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर तुम्ही आहात, तेव्हा उत्तर तुम्हीच द्या, असा कॉक्रेन यांचा रोख होता. एवढे लाखो हात या रोगानं निकामी होतात आणि एकही अस्थिशल्यविशारद त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही, याची चीड त्यांच्या मनात बरीच वर्षं साचलेली असावी.

जवळच एक तरुण जमिनीवर बसून चपलेचा पट्टा सोडवायची खटपट करत होता. बोटं साथ देत नव्हती. ब्रँड यांनी आपला हात त्याच्या वळलेल्या पंजात ठेवला आणि जोर लावून दाब म्हणून सांगितलं. त्या तरुणानं दाबला. त्याची नखं ब्रँड यांच्या कातडीत घुसली आणि ब्रँड कळवळले. मान वर करून पाहतात तो काय, तरुणाच्या चेहऱ्यावर काहीच नाही. आपण समोरच्याला दुखवतो आहोत, याचा त्याला पत्ताच नव्हता.

‘मेलेल्या’ हातात एवढी ताकद कुठून आली? शोधाची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

ब्रँड यांना हा रोग नवा नव्हता. त्यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. आईवडील मिशनरी होते आणि डोंगरातल्या गावांत औषधपाणी करत. एकदा दारात कुष्ठरोगी आले, तेव्हा एरवी कुणालाही उघड्या हातांनी तपासणाऱ्या वडिलांनी हातमोजे चढवले आणि मुलांना दूर ठेवलं, ही आठवण ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत. नऊ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९२९ साली वडील तापानं गेले. मुलानं आधी इमारत बांधणीचं आणि सुतारकाम-गवंडीकामाचं शिक्षण घेतलं, नंतर तो वैद्यकाकडे वळला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांच्या दिवसांत लंडनमध्ये शस्त्रक्रिया शिकला. सुतारकीतली ती वर्षं वाया गेली नाहीत, ते पुढे येईलच.

त्या काळी गावकरी आणि डॉक्टर यांच्यात निदान एका बाबतीत मतभेद नव्हता. कुष्ठरोग्याचं मांस ‘वाईट’ असतं, ते सडतं आणि बोटं झडून पडतात, असं दोघंही धरून चालत. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ सालीच या रोगाचा जंतू दाखवला होता. पण जंतू कळला म्हणून बोटं का जातात हे कळलं नव्हतं. आणि माणसाला गावाबाहेर काढायला जंतू लागत नाही, बोटं गेलेली दिसली की पुरतं.

उत्तर शोधायचं तर शरीर उघडून बघायला हवं होतं. चेंगलपट्टूला एक रुग्ण वारला, त्याच्या शवाची तपासणी करायची संधी मिळाली आणि निरोप वेल्लोरला पोहोचला. ब्रँड निघाले. डॉ. गुस्टा ब्यूल्टगेन्स यांच्यासोबत त्यांनी रात्रभर एका हातापायाच्या सगळ्या नसा मुळापासून टोकापर्यंत मोकळ्या केल्या. काम संपल्यावर पाठ सरळ करून दोघांनी समोर पाहिलं, तेव्हा त्यातलं सूत्र आपोआप दिसलं. नसा सगळीकडे सारख्या सुजलेल्या नव्हत्या. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात, ती कोपरामागची नस फुगलेली होती. मनगटाच्या जरा वरची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि घोट्यामागची नसही तशीच. खोल मांसातून जाणाऱ्या नसा मात्र शाबूत होत्या. चट्टे कुठे होते, याच्याशी या सुजेचा संबंध नव्हता. जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते, म्हणजे शरीर थोडं थंड असतं, तिथेच ती खराब झाली होती. हा जंतू गारवा शोधतो. म्हणून नाक, कान, हात आणि पाय यांच्यावरच त्याचा डोळा.

या एका रात्रीत त्या तरुणाच्या पकडीचा उलगडा झाला. बोटं सरळ करणारे आणि अंगठा समोर आणणारे तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात. मूठ आवळणाऱ्या बाहूतल्या बऱ्याच मोठ्या स्नायूंच्या नसा मात्र खोल असल्यामुळे वाचतात. म्हणून हात पंज्यासारखा वळतो, पण जोर टिकतो. आणि चांगला स्नायू शिल्लक असेल, तर त्याचा कंडरा सोडवून, वळवून, लुळ्या स्नायूचं काम त्याच्याकडे सोपवता येतं. पोलिओ आणि युद्धातल्या जखमांसाठी असं तंत्र सर्जन वापरतही होते. कुष्ठरोग्यावर ते कुणी वापरून पाहिलं नव्हतं, कारण त्याची जखम भरेल यावर कुणाचा विश्वास नव्हता.

१९४८ साली वेल्लोरला ती शस्त्रक्रिया झाली. पहिला रुग्ण शिकलेला तरुण होता, हातपाय दोन्ही वाईट अवस्थेत, आणि आपलं आणखी काही बिघडण्यासारखं उरलेलं नाही, अशी त्याची मनाची तयारी. इस्पितळात कुरबुर झालीच. असे रुग्ण वॉर्डात घेतले तर बाकीचे पळून जातील, ही भीती काही अगदीच निराधार नव्हती. पण टाके टाकले तिथे मांस जुळलं. कुणाही माणसाचं जुळतं तसं. काही महिन्यांच्या व्यायामानंतर त्या तरुणाला भाताचा घास बोटांनी उचलता येऊ लागला. दक्षिणेकडे पानावर बसून हातानं भात कालवणाऱ्या समाजात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

एखाद्या सिनेमात गोष्ट इथे संपली असती. खरी अडचण इथून सुरू झाली.

दुरुस्त केलेले हात घेऊन रुग्ण जात आणि काही आठवड्यांनी फोड, भाजल्याचे डाग, चिघळलेल्या जखमा घेऊन परत येत. विचारलं तर म्हणत, आपोआप झालं. बोटं अजूनही आखूड होतच होती. म्हणजे ‘वाईट मांस’ हेच खरं की काय? ब्रँड यांना एक गोष्ट खटकत होती. बोट अर्ध्याहून कमी उरलं, तरी पुष्कळदा त्या खुंटाच्या टोकाला नख असायचं. बोट तुटून पडलं असतं, तर नखही सोबत गेलं असतं. याचा अर्थ बोट झडत नव्हतं. आतलं हाड पुन्हा पुन्हा जखमी होऊन, पिकून, थोडं थोडं विरत होतं.

पण जखमा येतात कुठून?

एके दिवशी ब्रँड एका कोठीचं कुलूप उघडत होते. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. जवळच दहाएक वर्षांचा एक कुष्ठरुग्ण पोरगा उभा होता. मी बघतो म्हणाला आणि त्यानं किल्ली सहज फिरवली. एवढासा पोरगा आपल्याहून बलवान कसा, म्हणून ब्रँड कौतुकानं बघत राहिले, तोवर जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीच्या कडेनं मुलाचं बोट हाडापर्यंत चिरलं होतं. मुलाला ठाऊकच नव्हतं.

पोराचे स्नायू बलवान नव्हतेच. आपल्यापैकी प्रत्येकाच्या बोटांत तेवढा जोर असतो, आपण तो वापरत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी दुखायला लागतं. दुखणं आपल्याला थांबवतं. त्या मुलाला थांबवणारं कुणी नव्हतं.

मग उलट तपास सुरू झाला. ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले, आणि ‘आपोआप झालं’ हे उत्तर घ्यायचं नाही असं ठरलं. एकेक कारण पकडीत येऊ लागलं. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवलं होतं. विडी बोटांत जळत राहिली होती. कुदळीच्या दांड्याला फट होती आणि दिवसभर ती एकाच जागी रुतत होती. निखाऱ्यात पडलेला कंद एका म्हाताऱ्यानं सरळ हात घालून बाहेर काढला, आणि हे ब्रँड यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खेड्यातल्या कष्टाच्या दिवसात अशा जागा पावलोपावली असतात. अनवाणी चालणं, काटे, बांधावरचे दगड, विळा, तापलेली भांडी. शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाला हा रोग झाला, तर त्याची बोटं कदाचित जास्त टिकतील. जंतू तोच, फरक कामाचा.

वेल्लोरला कॉलेजच्या आवारात मातीच्या भिंतींच्या झोपड्या उभारून रुग्ण मुलांसाठी ‘नवजीव निलयम’ नावाची वस्ती केली होती. तिथे सुतारकाम, लाकडी खेळणी करणं शिकवलं जाई. ब्रँड यांची जुनी विद्या इथे कामाला आली. हत्यारांचे दांडे जाड केले, मऊ केले आणि रोज संध्याकाळी स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासायची शिस्त लावली. मुलंही या तपासात सामील झाली. जखमा झपाट्यानं कमी झाल्या.

तरीही एक प्रकार उलगडेना. रात्री झोपताना हात ठीक असे आणि सकाळी बोटाचा तुकडाच गायब. झोपेत कुणी विळा धरत नाही की भांडं उतरवत नाही. म्हणजे बोटं झडतात हे खरंच आहे की काय? शेवटी रात्री कुणीतरी जागं राहिलं आणि गुन्हेगार सापडला. उंदीर. अंधारात खाटेवर चढायचे, बोट हुंगायचे, कुरतडायचे. झोपलेल्याला दुखत नसल्यामुळे तो हात मागे घेत नसे. उंदरांनाही ते कळून चुकलं होतं. उपाय अगदीच साधा निघाला. मांजरं पाळली. घरी परतणाऱ्या रुग्णालाही सोबत मांजर दिलं जाई. कुष्ठरोगाच्या संशोधनात मांजराचं हे स्थान वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी अजून पुरेसं मान्य केलेलं नाही, असं माझं मत आहे.

ब्रँड यांच्या पत्नी डॉ. मार्गरेट नेत्रतज्ज्ञ होत्या. त्यांना डोळ्यांत हाच प्रकार दिसला. बुबुळाला काही टोचत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडतो, कण घासतात आणि दृष्टी जाते. आंधळ्या माणसाला बोटं वाट दाखवतात. इथे बोटंही मुकी.

याच काळात ब्रँड यांच्यावर एक रात्र ओढवली. अमेरिकेचा दौरा संपवून जहाजानं ते इंग्लंडला आले आणि आगगाडीनं लंडनला पोहोचले. रात्री मोजे काढताना जाणवलं, की अर्ध्या टाचेला स्पर्श कळत नाही. टाचणी टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. इतकी वर्षं रुग्णांमध्ये वावरल्यावर याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रात्रभर ते जागे राहिले. बायकोला काय सांगायचं, मुलांना जवळ घ्यायचं की नाही, हे सगळं त्या अंथरुणात पडून त्यांच्या मनात फिरलं. सकाळी उठून पुन्हा टाचणी घेतली, टोचली आणि ते ओरडले. दुखलं होतं! गाडीत अवघडून बसल्यामुळे नस दाबली गेली होती, एवढंच. रोग्याच्या जागी एक रात्र काढलेला डॉक्टर तिथून पुढे वेदनेबद्दल कृतज्ञतेनं बोलू लागला, आणि ते बोलणं त्यानं मरेपर्यंत थांबवलं नाही.

नंतर अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, कार्व्हिलच्या सरकारी कुष्ठरोग इस्पितळात १९६६पासून काम करताना त्यांनी कृत्रिम वेदना तयार करायचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारी उपकरणं बसवायची आणि धोका आला की कानात शिट्टी वाजवायची. रुग्ण शिट्टी ऐकायचे आणि काम पुढे रेटायचे. मग विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका बसायच्या बेताला रुग्ण बटण बंद करून टाकत. पैसा बराच खर्च झाला आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. खऱ्या वेदनेला बटण नसतं. तिथलंच दुसरं काम मात्र फार उपयोगी पडलं. हलका दाब एकाच जागी हजारो वेळा पडला, तर तेवढ्यानंही मांस सुजतं आणि फुटतं, हे त्यांनी दाखवलं. आपण लांब चाललो की नकळत पाऊल जरा तिरकं टाकतो, भार बदलतो. ज्याला दुखत नाही, तो पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर भार देतो. म्हणून मऊ सच्छिद्र रबराची चप्पल, आणि तळपाय फुटला तर प्लास्टर घालून भार वाटून द्यायचा. वेल्लोरजवळच्या करिगिरीला १९५५ साली सुरू झालेल्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात या पायताणांवर पुष्कळ काम झालं. आज मधुमेहाच्या रुग्णाला पायाची काळजी घ्यायला सांगतात, रोज तळवा बघायला सांगतात, त्यामागे बऱ्याच अंशी ही कुष्ठरुग्णांच्या पायांवरून मिळालेली विद्या आहे.

आता शस्त्रक्रियेच्या पलीकडची गोष्ट. एक रुग्ण दुरुस्त हात घेऊन गेला आणि काही काळानं तक्रार घेऊन आला. या हातांना भीक मिळत नाही! पंजा वळलेला होता तेव्हा लोक पैसे टाकत. आता हात बरे दिसतात, पण अंगावरच्या खुणा तशाच, म्हणून कामही कुणी देत नाही. डॉक्टरांनी एक हात दुरुस्त केला आणि एका माणसाचं पोट बुडवलं. ब्रँड यांना हे जिव्हारी लागलं. सुतारकामाची वस्ती, भुवयांच्या जागी डोक्याच्या केसांची कातडी लावणं, बसलेलं नाक उचलणं, हे सगळं या तक्रारीचं उत्तर आहे. बसमध्ये शेजारी कुणी बसेल का, चहावाला कप हातात देईल का, हे भुवयांवर ठरत असेल, तर भुवयाही वैद्यकाचा विषय ठरतात. पण गाव बेरकी असतं. मऊ रबराच्या चपलांनी हजारो पाय वाचले, आणि पुढे त्याच चपला ओळखीची खूण झाल्या. लांबूनच लोक म्हणू लागले, हा ‘तसला’. अनेकांनी चपला वापरायच्याच सोडल्या. पाय फुटलेला परवडला, माणसांत बसता आलं पाहिजे. हा हिशेब चुकीचा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवायचा प्रयत्न जवळपास त्याच काळात चालला होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम उभं केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन सुरू केलं आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. भीक नको, काम हवं, हे बाबांच्या आनंदवनानं विहिरी खणून आणि शेती पिकवून दाखवलं. ब्रँड शस्त्रक्रियेकडून कामापर्यंत आले, बाबा कामापासूनच निघाले. शस्त्रक्रियेची बाजू महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी सांभाळली. पुण्याजवळ कोंढव्याला आणि मग मुंबईला त्यांनी कुष्ठरुग्णांचे हात-चेहरे दुरुस्त केले, आणि पुढे त्याहून महत्त्वाचं काम केलं. अलिबागजवळच्या मांडवा भागात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना कुष्ठरोग आणि क्षय ओळखायला शिकवलं. हात वाकडा होईपर्यंत थांबलं तर सर्जन लागतो. चट्टा दिसतो तेव्हाच ओळखला तर शेजारीण पुरते. या साऱ्या धडपडीत हे शेवटचं पाऊल मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दत्तपूर, तपोवन, आनंदवन अशा वसाहतींनी हजारो माणसांना मान दिला, यात शंका नाही. पण वसाहत हे गावानं केलेल्या अन्यायावरचं उत्तर आहे, गावात परतणं नव्हे. रोगावरचं औषध तर पूर्वीच मिळालं. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली केली. कायदे मात्र रेंगाळले. १८९८चा लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागायची तरतूद २०१९ साली कायद्यातून गेली, म्हणजे रोग पूर्ण बरा करणारं औषध आल्यावर जवळजवळ चार दशकांनी. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींना २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आपल्या यादीत स्थान दिलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

ब्रँड २००३ साली वारले. २००५च्या अखेरीला भारतानं कुष्ठरोगाचं ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे दहा हजार लोकांत एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला आणि तो चुकीचा आहे. देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, पालघर अशा जिल्ह्यांत तो ठाण मांडून आहे. हा रोग दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. दुखणाऱ्या दाताला रजा मिळते, न दुखणाऱ्या चट्ट्याला कोण विचारतो?

म्हणून घरातल्या माणसांच्या पाठी, दंड, मांड्या एकदा उजेडात बघा, विशेषतः ज्या बायका अंग दाखवायला लाजतात त्यांच्या. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, किंवा हातापायाला बधिरपणा असेल, तर आशाताईला सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध मोफत आहे, ते सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं, सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती उरत नाही, आणि रुग्णाला घरातून, शाळेतून, कामावरून हलवायचं काहीही कारण नाही.